एसीखालचं गांधीलमाश्यांचं पोळं: जाळायचं नाही, थंडीची वाटही बघायची नाही

ताई, फोटो नीट आला आहे. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, एसीच्या आउटडोअर युनिटच्या स्टँडखाली तळहाताएवढं राखाडी पोळं लटकलं आहे. त्यावर वीस-पंचवीस माश्या आहेत आणि घरात चार वर्षांचा मुलगा. सासरे म्हणतात काठीला चिंधी बांधून जाळून टाकू, आणि तुम्ही इंटरनेटवर वाचलंत की थंडीपर्यंत थांबलं तर आपोआप मरतात. खरं काय?

दोन्ही नको. थंडीचा सल्ला खोटा नाही, पण तो आपल्याकडचा नाही. युरोप-अमेरिकेत जी पिवळी-काळी गांधीलमाशी घराला त्रास देते ती जमिनीत नाहीतर पोटमाळ्यावर हजारोंचं घर करते, आणि हिवाळा आला की सगळं घर मरतं. फक्त नव्या राण्या कुठेतरी सालीखाली दडून वसंताची वाट बघतात. तिकडचा माणूस ऑक्टोबरात तुम्हाला ‘थांबा’ म्हणेल तर बरोबरच आहे. तुमच्या फोटोत मात्र आहे ती तांबूस-तपकिरी, बारीक पिवळे ठिपके असलेली, सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची माशी. शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. दख्खनमध्ये आणि खाली दक्षिणेत हिचं घर बारा महिने चालतं. नाशिकच्या थंडीत सकाळी सुस्तावून बसते, अकराच्या उन्हाला परत कामाला लागते.

मी पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात चोवीस वर्षं आहे, पुण्यात. मूळचा संगमेश्वरकडचा. आमच्याकडे हिला गांधीण म्हणतात. चावली की अंगावर गांधी उठतात, त्यावरूनच नाव पडलं असावं. या चोवीस वर्षांत मला स्वतःला किती वेळा चावल्या ते मोजलं नाही, पण जेवढ्या वेळा चावल्या त्यातल्या बहुतेक वेळी चूक माझी होती: घाई, नाहीतर मनगट उघडं.

आधी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, हे पोळं काढायलाच हवं का? या माश्या पिल्लांना अळ्या चावून, गोळा करून भरवतात. बागेतल्या लिंबावर, वांग्याच्या वाफ्याशेजारी पोळं असेल तर मी पैसे न घेता परत येतो. त्या तुमचंच काम करत असतात. पण तुमचं पोळं मुलाच्या खेळायच्या जागेपासून चार हातांवर आहे, आणि एसीवाला सर्व्हिसिंगला आला की त्याचा हात थेट तिथेच जाणार. शिवाय कॉम्प्रेसर सुरू झाला की स्टँड थरथरतो. ती थरथर त्यांना रोजची झाली आहे म्हणून त्या गप्प आहेत. कोणी नवीन धक्का दिला तर गप्प राहणार नाहीत. काढा.

आता ओळख. ही पायरी लोक गाळतात आणि मग फसतात. तुमच्या पोळ्याला एक बारीक काळपट देठ आहे आणि खाली तोंड केलेली षटकोनी घरं उघडी दिसतात. वर काही वेष्टन नाही. ही कागदी गांधीलमाशी. लाकूड खरवडून, लाळेत कालवून कागद करते. दुपारी शांतता असेल तर जुन्या, रंग उडालेल्या लाकडी खिडकीजवळ कान द्या. कुरकुर असा बारीक आवाज येतो आणि लाकडावर उजळ रेघा उमटतात. पोळं हातात घेतलंत तर वजन जवळपास नाहीच, जुन्या बसच्या तिकिटासारखं कोरडं लागतं.

माश्यांचा नुसता पडदा दिसत असेल, घरं दिसतच नसतील, तर ते मधमाश्यांचं. बाल्कनीच्या जाळीला वेढून बसलेलं छोटंसं एकच पोळं म्हणजे बहुधा फुलोरी. भिंतीच्या किंवा मीटरबॉक्सच्या पोकळीत सातेरी. आणि इमारतीच्या सज्जाखाली परातीएवढं काळं लटकलेलं ते आग्या. मधमाशी असेल तर माझ्यासारख्याला नाही, मधपाळाला बोलवा. फुलोरी आणि सातेरी न मारता हलवता येतात. आग्याच्या बाबतीत तर घरातल्या कोणीही काहीही करायचं नाही, अगरबत्तीसुद्धा लावायची नाही.

मातीचा गोळा असेल, खिडकीच्या कोपऱ्यात नाहीतर फोटोफ्रेमच्या मागे, तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, घर राखायला पहारा नसतो, मुद्दाम चावायला येत नाही. माझी आजी कुंभारणीचं घर पाडू द्यायची नाही, घरात पाळणा हलणार म्हणायची. संतवाङ्मयात अळी ध्यास घेऊन भृंगी होते असा दृष्टांत येतो ना, तो याच मंडळींवरून. मातीच्या घरात अळी नेताना लोकांनी पाहिली आणि काही दिवसांनी आतून माशी बाहेर पडताना पाहिली. मधलं कोणी पाहिलं नाही: अळी डंखाने लुळी केलेली असते, तिच्याजवळ अंडं असतं, आणि अंड्यातलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. काही जाती अळीऐवजी कोळी भरतात. ओला गोळा असला तर कालथ्याने खरवडून टाका, झालं. फक्त प्लगच्या भोकांत, गॅस गिझरच्या नळीत किंवा एसीच्या पाण्याच्या पाइपात माती भरलेली दिसली तर मेन स्विच किंवा गॅस बंद केल्याशिवाय टोकरू नका.

आणि चौथी, जिच्यासाठी हे सगळं वाचणं थांबवून फोन करायचा: मोठी गांधीण. काळं अंग, पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा, बोटाच्या पेरापेक्षा लांब, उडताना ट्रान्सफॉर्मरसारखा घुमणारा आवाज. किंवा तपकिरी-तांबडी, पोटावर पिवळा पट्टा असलेली दुसरी. यांचं घर कौलाखाली, भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, बांधाच्या बिळात असतं. बाहेरून दिसतं ते फक्त एक भोक आणि येणंजाणं. तिथे स्वतः हात घालायचा नाही. भोक सिमेंटने बुजवायचं तर अजिबात नाही. त्या दुसरीकडून कुरतडून वाट काढतात, आणि ती दुसरीकडची बाजू पुष्कळदा तुमची बेडरूम असते. पोकळीतलं घर आम्ही भोकातून पूड मारून संपवतो, फवारा तिथे आतपर्यंत पोचत नाही. माणूस बोलवताना त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. कुठलं औषध मारणार ते डबा दाखवून सांगत नसेल तर परत पाठवा.

गंमत म्हणजे ही मोठी गांधीण तुमच्या लहान गांधिलांची सगळ्यात मोठी वैरी. सासवडच्या एका गोठ्यात मी बघितलं आहे. एकटी मोठी आली, पोळ्यावर बसली. लहान वीस-पंचवीस, सगळ्या डंखवाल्या, एकीनेही प्रतिकार केला नाही. उडून शेजारच्या वाशावर जाऊन बसल्या. मोठीने एकेक घर फोडून पिल्लं काढली, चावून गोळा केला, गेली, परत आली. मालक म्हणाले, ‘तुमचं काम हिनेच केलं की.’ मी त्या दिवशी फक्त चहाचा धनी झालो.

आता ‘राणी मारली की पोळं संपतं’ हे तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं असेल, बहुतेक सगळेच सांगतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी तुमच्या बाल्कनीतल्या याच जातीवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांनी दाखवलं की हिची राणी दिसायला वेगळी नसते आणि वागायलाही गरीब असते, दादागिरी करत नाही. तिला उचललं की काही मिनिटांत एक कामकरीण अचानक आक्रमक होते, आणि पुढे तीच अंडी घालू लागते. म्हणजे तुम्ही चपलेने एक-दोन मारल्या, त्यात राणी गेली तरी पोळं तसंच चालू राहतं. पोळं काढायचं तर एका बैठकीत, सगळ्या माश्या घरी असताना.

जवळपास सगळ्या घरी असतात रात्री. सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी. संध्याकाळी साडेसहाला नव्हे, तेव्हा अर्ध्या बाहेरून परतत असतात आणि त्या तुमच्या मानेमागून येतात. त्या दिवशी दुपारी आधी दुरून पाच मिनिटं नुसतं बघा. माश्या कामात मग्न असतील तर ठीक. पंख उचलून, तोंड तुमच्याकडे करून उभ्या राहिल्या तर तुम्ही फार जवळ आहात. ते अंतर लक्षात ठेवा, रात्री तेवढ्याच लांबून पहिला फवारा मारायचा आहे.

कपडे: जाड जीन्स, मोजे पँटवर ओढलेले, वरून रेनकोट, कॉलर वर. हातात रबरी मोजे आणि मनगटाला चिकटपट्टी. डोक्यावर टोपी, तिच्यावरून मच्छरदाणीचा जुना तुकडा टाकून तो कॉलरमध्ये खोचलेला. हसतील घरचे, हसू द्या. अत्तर, केसांचं सुवासिक तेल त्या दिवशी नको. मुलाला आणि ज्याला कुणाला पूर्वी माशी चावून अंगभर गांधी उठल्या असतील त्याला घराच्या दुसऱ्या टोकाला पाठवा, बाल्कनीचं दार बाहेरून ओढून घ्या, फक्त कडी लावू नका. तुम्हाला धावत आत यायचं आहे. एसी बंद, मेन स्विचपासून बंद. फिशटँक असेल तर झाका, एअर पंप थांबवा, कारण हे फवारे माशांना फार विषारी. मांजर असेल तर तिलाही लांब ठेवा.

उजेडाचं गणित महत्त्वाचं आहे. टॉर्च हातात धरून पोळ्यावर मारलात तर उठलेली प्रत्येक माशी उजेडाकडे, म्हणजे तुमच्या हाताकडे येणार. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर दोन पदरी गुंडाळा (स्टेशनरीच्या दुकानात मिळतो) आणि टॉर्च हातात न धरता बाजूच्या कठड्यावर ठेवा. बाल्कनीचा दिवा बंद. खालच्या रस्त्याचा दिवा असला तर चांगलंच, जी उडेल ती तिकडे जाईल.

औषध दोन प्रकारांनी. पहिला, बाजारात मिळणारा झुरळ-मुंग्यांचा फवारा, त्यात बहुतेक सिंथेटिक पायरेथ्रॉइड असतं. लगेच पाडतो. डब्यात ज्वालाग्राही वायू असतो, म्हणजे फवारताना जवळपास दिवा, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको. लांब धार मारणारा डबा घ्या, धुकं करणारा नको. दुसरा, मला जास्त आवडणारा आणि तुमच्या घरात लहान मूल आहे म्हणून तुम्हालाही मी हाच सुचवेन: भांड्याचा लिक्विड साबण. लिटरभर पाण्यात तीन-चार चमचे, झाडांवर फवारायच्या हातपंपात भरून जाड धार. किड्याच्या अंगावर साधं पाणी टिकत नाही, साबणाचं टिकतं आणि श्वासाची भोकं बंद करतं. अर्ध्या मिनिटात खाली पडतात. पण पोळं पुरतं भिजायला हवं. थेंब थेंब मारून चिडवलंत तर उलटंच होईल. पंप आधी दिवसा भिंतीवर मारून बघा, धार कुठवर पोचते ते. पोळ्यापर्यंत पोचत नसेल तर हा प्रकार सोडा.

स्टुलावर चढायचं नाही. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. माझ्या ओळखीत गांधीलमाशीने जेवढे लोक दवाखान्यात पोचवले त्याहून जास्त स्टुलांनी पोचवले आहेत. तुमचं युनिट कठड्याच्या बाहेर लोंबत असेल आणि वाकल्याशिवाय धार पोचत नसेल तर हे काम तुमचं नाही, पट्टा लावून लटकणाऱ्या माणसाचं आहे. फोटोवरून मला स्टँड कठड्याच्या आत दिसतो, म्हणून पुढचं लिहितो.

धार मारायची ती देठापासून सुरू करून पोळ्याच्या तोंडावर, न थांबता, दहा-पंधरा सेकंद. मग आत जा, दार लावा, वीस मिनिटं चहा प्या. परत जाऊन दुसरी धार. हालचाल थांबली की लांब काठीला कालथा बांधून देठ तोडा, पोळं खाली ठेवलेल्या साबणपाण्याच्या बादलीत पाडा. पडलेल्या माश्या अनवाणी पायाने किंवा उघड्या हाताने गोळा करू नका, अर्धमेलीचा डंखही पुरा असतो. पोळं रात्रभर बादलीतच राहू द्या, वर एक ताटली ठेवून बुडवून. का? ज्या घरांवर पांढरी टोपी दिसते त्यांत कोश असतात. तसंच कचऱ्यात टाकलंत तर पुढच्या काही दिवसांत त्यातून जिवंत माश्या बाहेर येतात. सोसायटीच्या कचरेवाल्या मावशींचा हात तिथे जातो, हे विसरू नका.

जाळण्याबद्दल. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की गावात अंगणातल्या आंब्यावर हे चालून जायचं, कारण खाली माती होती. एसीच्या पाइपावरचं काळं फोम पटकन पेटतं. एका सोसायटीत रॉकेलच्या चिंधीने पोळं जाळलं, पोळं दोन सेकंदांत राख झालं, ते कागदच. पण थेंब पाइपावर पडला, फोम पेटला आणि वरच्या मजल्यावरचे पडदे गेले. माश्या? अर्ध्याहून जास्त उडून गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी जळक्या भिंतीवर गोळा झाल्या. दिवसा रॉकेल शिंपडणं, उकळतं पाणी टाकणं, पाण्याचा पाइप मारणं हेही तसंच.

एखादी चावलीच तर. गांधीलमाशी काटा सोडत नाही, म्हणून शोधत बसू नका. मधमाशी सोडते, तो नखाने लगेच खरवडून काढायचा. तिथून आधी लांब व्हा. हात झटकून अंगावर चिरडू नका, विषाच्या वासाने बाकीच्या येतात. साबणाने धुवा, बर्फ लावा, अंगठी-बांगडी सुजण्याआधी काढा. खाज-सूज वाढली तर सेट्रिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून. लोखंड घासणं, चुना लावणं आमच्याही घरी झालं आहे. लोखंड गार असतं, बरं वाटतं इतकंच. माती मात्र लावू नका. हे झालं एका जागच्या सुजेचं. चावलेल्या जागेपासून लांब, पोटावर-पाठीवर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, उलटी झाली, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं रुग्णालय. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, घरी त्याला पर्याय नाही. एकाच वेळी बऱ्याच माश्या चावल्या असतील, विशेषतः मोठ्या गांधिणी, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा. विषाने मूत्रपिंडाला इजा होते आणि ती एक-दोन दिवसांनीही दिसते. लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच जा. मुलाच्या बाबतीत हा उंबरठा आणखी खाली ठेवा.

सकाळी काय होईल ते आताच सांगतो म्हणजे घाबरणार नाही. रात्री बाहेर राहिलेल्या पाच-सहा माश्या येतील आणि रिकाम्या जागेवर घुटमळतील. त्यांना अजून तिथे घर आहे असं वाटतं. त्या चवताळलेल्या नसतात, पण त्या दोन-तीन दिवसांत मुलाला बाल्कनीत सोडू नका. देठाचा काळा ठिपका मात्र तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडा आणि साबणाने धुवा. मुंग्या येऊ नयेत म्हणून त्या देठाला एक चिकट स्राव फासतात, आणि जुनी जागा पुन्हा निवडायला तो ठिपका म्हणजे आमंत्रणच. कापूर, नीलगिरीचं तेल, लवंग यांचा वास चार दिवस टिकतो, त्यावर पैसे घालवू नका. त्याऐवजी दर रविवारी स्टँडखाली, पडद्याच्या दांड्याच्या टोकांत, ग्रिलच्या पोकळ पाइपात, कुंडीच्या मागच्या बाजूला एक नजर टाका. सुरुवात नेहमी एका माशीने आणि तीन-चार घरांनी होते, नखाएवढी. ती दुपारी चरायला गेली की झाडूच्या टोकाने ते पाडा. ती परत करेल, परत पाडा. तिसऱ्यांदा बहुधा ती शेजाऱ्यांकडे जाते. ग्रिलच्या पाइपांची तोंडं एमसीलने बुजवा, पण आधी आत कोणी नाही ना ते काठीने ठोकून बघा.

आणि एसीवाल्याला चौथ्या दिवसाच्या आधी बोलवू नका. बोलवाल तेव्हा खाली पोळं होतं हे त्याला दारातच सांगा.